रिकाम्या जागेचं वजन

आमच्या छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरचा हात सगळ्यात जास्त वेळा ज्या कप्प्यात जायचा, त्यात अक्षरं नव्हती. त्यात शिशाचे कोरे तुकडे असायचे. काही नखाएवढे बारीक, काही चौकोनी, काही लांबट. दोन शब्दांच्या मध्ये घालायचे, ओळ संपली की उरलेल्या जागेत भरायचे. दोन ओळींच्या मध्ये घालायच्या पट्टीला लेड म्हणायचे. उंचीला खिळ्यांपेक्षा, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांपेक्षा, जरा कमी, त्यामुळे शाईचा रूळ वरून फिरला तरी यांना शाई लागायची नाही. कागदावर जे पांढरं दिसतं ते कुणीतरी हातानं उचलून, मोजून, दाबून बसवलेलं असतं, हे मला वाचता यायच्या आधीपासून माहीत होतं.

गाव वाई. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती आणि मराठी विश्वकोशाचं कार्यालय, या तीन गोष्टींसाठी लोक ओळखतात ते. आप्पांचा छापखाना साधा होता. एक ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, एक कटिंग मशीन, खिळे ठेवायच्या कप्प्यांच्या केसेस आणि आमचे कंपोझिटर तात्या. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, जत्रेची हँडबिलं. तात्या सातवी शिकलेले. उलटी अक्षरं ते सुलट्यापेक्षा लवकर वाचायचे. देवनागरीचे खिळे म्हणजे इंग्रजीसारखी सव्वीस घरं नव्हेत. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्या, सगळ्यांना वेगळं घर लागतं, म्हणून तात्यांच्या भोवती केसेसचा घेरच असायचा आणि ते मधोमध उभे. आमच्याकडचे काही खिळे असे होते की अक्षर वेगळं आणि त्याच्यावरची मात्रा किंवा रफार हा वेगळा बारीक तुकडा. त्या पद्धतीला 'डिग्री' म्हणायचे, आणि मात्रेसकट एकाच खिळ्यावर ओतलेल्या अक्षराला 'अखंड'. त्यामुळे डिग्री हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो अक्षराच्या डोक्यावर बसणारा एक शिशाचा तुकडा म्हणून. ती विद्यापीठातही मिळते हे बरंच नंतर कळलं.

ही सगळी आठवण निघण्याचं कारण म्हणजे फोन. बारावीचे निकाल लागले की दरवर्षी मला काही फोन येतात. नात्यातले, ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले. "ताई, मुलगी ग्राफिक डिझाइनला जायचं म्हणतेय. चार वर्षांची डिग्री खरंच लागते का हो? इथं चौकात तीन महिन्यांचा कोर्स आहे, फोटोशॉप, कोरल सगळं शिकवतात. आता तर मोबाइलवरसुद्धा होतं म्हणे." प्रश्न रास्त आहे. चार वर्षांची फी, परगावी राहणं, रंग-कागद-कॅमेरा, हे सगळं ज्यांच्या खिशातून जाणार त्यांनी तो विचारायलाच हवा. मी त्यांना आधी खरं ते सांगते. सॉफ्टवेअर तीन महिन्यांत येतं. मुलगी चटपटीत असेल तर दोनच महिने लागतील. तेवढंच हवं असेल तर चार वर्षं घालवू नयेत, आणि त्यात कमीपणाही नाही.

मग फोनवर थोडी शांतता पसरते. ती चार वर्षं नेमकी कशात जातात, हे पाच मिनिटांच्या फोनवर मला कधीच नीट सांगता आलेलं नाही. म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडे या शिक्षणाचं जुनं मराठी नाव उपयोजित कला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, पण तिथे जाहिरातकलेसाठी वेगळा विभाग निघाला तो १९३५ मध्ये, आणि त्या विभागाची स्वतंत्र संस्था झाली १९६१ मध्ये. त्याच वर्षी अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, सुरू झाली. पूर्वी आपल्याकडे जी. डी. आर्ट ही पदविका होती, पुढे बी. एफ. ए. ही चार वर्षांची पदवी आली. 'उपयोजित' हा शब्द मला फार आवडतो. कुणाच्या तरी उपयोगी पडायचं आहे, हे त्या नावातच सांगून टाकलंय. 'ग्राफिक डिझाइन' म्हटलं की डोळ्यांसमोर पडदा येतो, 'उपयोजित' म्हटलं की पलीकडचा माणूस.

माझी सुरुवात महाराष्ट्रातल्या हजारो मुलांची होते तशीच झाली, शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांनी. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमितीच्या पेपरातला तो अक्षरलेखनाचा प्रश्न. पट्टीनं चौकटी आखायच्या आणि त्यात ठोकळ्यासारखी अक्षरं बसवायची. बाकीच्या मुलींना तो प्रश्न नकोसा व्हायचा, मला तो सोपा जायचा. मी चौकट सरळ आखायचे नाही. अक्षर बघून रुंदी ठरवायचे. 'र'ला जागा कमी लागते, 'क्ष'ला जास्त, हे तात्यांच्या हातातल्या खिळे जुळवायच्या स्टिकमध्ये रोज बघितलं होतं.

२००२ मध्ये मी पुण्यात कॉलेजला आले. स्वारगेटला एसटीतून उतरताना हातात ट्रंक आणि काखेत ड्रॉइंग बोर्ड. पहिलं वर्ष पायाभूत अभ्यासक्रमाचं. संगणकाला हात लावायचा नाही. स्केचिंग, रंगसंगती, द्विमित संकल्प, त्रिमित संकल्प. पहिल्या आठवड्यातलं एक काम अजून डोळ्यांसमोर आहे. पांढऱ्या कागदावर एक चौकोन आखायचा आणि काळ्या कागदाचे चार छोटे चौकोन कापून त्यात असे चिकटवायचे की बघणाऱ्याला 'गर्दी' हा शब्द न लिहिता कळला पाहिजे. मग 'एकटेपणा'. मग 'ताण'. चारच चौकोन, आकार तेच, रंग तोच. बदलायची ती फक्त मधली जागा. मी तीन दिवसांत साठेक कागद वाया घालवले. 'गर्दी' सहज जमली. 'एकटेपणा'साठी मी एक चौकोन कोपऱ्यात आणि तीन दुसऱ्या कोपऱ्यात ठेवले, सगळ्या वर्गानं तेच केलं होतं. सरांनी माझ्या कागदावरचा तो एकटा चौकोन नखानं उचलून उरलेल्या तिघांच्या जवळ आणला. अगदी जवळ, पण चिकटू न देता. "आता बघ," म्हणाले. खोलीत माणसं असताना जे एकटेपण येतं ते त्या दोन मिलिमीटरमध्ये होतं. मला एकदम रडू आलं. वसतिगृहात येऊन जेमतेम आठवडा झाला होता.

त्या वर्षात असं पुष्कळ झालं. सबमिशनच्या आदल्या रात्री पोस्टर कलरचा काळा रंग संपणं, अप्पा बळवंत चौकातलं दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसून राहणं, माउंट केलेल्या शीटवर कुणाच्या तरी चहाचा डाग. ते सगळं सगळ्यांचंच असतं, त्यात फार रमत नाही.

रमते ती दुसऱ्या वर्षातल्या अक्षरांच्या तासात. हे सर जाहिरात क्षेत्रात उमेदीची वर्षं काढून शिकवायला आलेले. बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'ळ' काढला आणि म्हणाले, "उद्या येताना हे अक्षर आणायचं. पण अक्षर रंगवायचं नाही. अक्षराच्या आतलं आणि भोवतीचं जे पांढरं आहे, तेवढंच काळं करून आणायचं."

ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, आपण आयुष्यभर 'ळ' लिहीत आलो पण त्याची दोन पोटं कधी बघितलीच नाहीत. मी ती पोटं कंपासनं मोजून सारखी केली तर डोळ्याला सारखी दिसेनात. डोळ्याला सारखी केली तर मापात बसेनात. दोन पोटांच्या मधली चिंचोळी खाच जरा अरुंद झाली की सगळं अक्षर गुदमरल्यासारखं दिसायचं, जरा रुंद झाली की त्याचे दोन तुकडे पडायचे. अर्ध्या इम्पिरिअल शीटवर नऊ वेळा केलं. दहाव्या वेळी काळ्यातून पांढरा 'ळ' वर आला. मी तो लिहिला नव्हता, त्याच्यासाठी फक्त जागा केली होती. बोर्डापुढे बसल्या बसल्या मला तात्यांचा तो कोऱ्या तुकड्यांचा कप्पा आठवला.

मग बोरू आला. रोमन अक्षरासाठी टाक ज्या बाजूला तिरका तासतात, देवनागरीसाठी बोरू त्याच्या उलट बाजूला तासायचा. त्यामुळे रोमनमध्ये जाड रेघ ज्या कर्णावर येते, देवनागरीत ती दुसऱ्या कर्णावर येते. इंग्रजी ओ आणि आपल्या 'व'चं पोट शेजारी शेजारी लिहून बघा, वजन विरुद्ध कोपऱ्यांत गेलेलं दिसेल. आमच्याकडच्या पुस्तकांमध्ये हे कुठेही नव्हतं. ती सगळी रोमन अक्षरांची पुस्तकं, सगळी मापं आणि सगळे नियम तिथले. सरांनी बोरू हातात दिला नसता तर देवनागरी म्हणजे रोमनवर एक रेघ मारली की झालं, असंच वाटत राहिलं असतं.

एकदा त्यांनी मोडीचं एक जुनं दप्तर आणलं. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ सलग ओढून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. शब्दाशब्दांमध्ये जागा नाही. हात उचलायला लागू नये, वेगानं लिहिता यावं, म्हणून तसं. ज्याला सवय आहे तो ते सहज वाचायचा. सर म्हणाले, "हे लिहिणाऱ्याच्या सोयीचं लेखन आहे. छापील पान वाचणाऱ्याच्या सोयीचं असतं. तुम्ही कुणाची सोय बघणार, ते ठरवा." वर्गात कुणी काही बोललं नाही. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, ती वही अजून आहे.

१८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं, पुढे जावजी दादाजींचा निर्णयसागर उभा राहिला आणि राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या अक्षरांनी देवनागरी छपाईला वळण लावलं. ही नावं मला तात्यांकडून कळली नाहीत, कॉलेजात कळली. पण आरूंनी पोलादावर 'ळ' कोरताना आधी त्याचं पोट कोरलं असणार, हे कॉलेजात कुणी सांगायची गरज नव्हती. पोटं कोरल्याशिवाय अक्षर उठतच नाही.

त्याच काळात मी रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती कापून ठेवायला लागले. कमल शेडगे यांची नाटकांची शीर्षकं म्हणजे आम्हा मुलांची खरी पाठ्यपुस्तकं. दोन इंचांच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात नाटक विनोदी आहे की गंभीर, घरगुती आहे की ऐतिहासिक, हे अक्षरच सांगायचं. आणि र. कृ. जोशी होते. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात वावरलेले, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवलेले. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जो मंगल फॉन्ट आला तो त्यांनी केलेला. संगणकावर कोट्यवधी लोकांनी आपली भाषा पहिल्यांदा ज्या अक्षरात वाचली, ते अक्षर काढणारा माणूस आपल्यातलाच आहे, या कल्पनेनंच आम्हाला बळ यायचं. मी त्यांना एकदाही भेटले नाही. २००८ मध्ये ते गेले तेव्हा ऑफिसातून लवकर निघून वसतिगृहाच्या जुन्या रस्त्यावर उगाच चालत राहिले होते.

तिसऱ्या वर्षी संगणक आला, आणि माझ्या हातून ती चूक झाली.

काम होतं पोस्टर-मालिकेचं. विषय आपणच निवडायचा. मी सह्याद्री घेतला. दर पंधरवड्याला खंबाटकी घाटातून एसटीनं जा-ये करणारी मी, मला वाटलं हा विषय माझ्याइतका कुणाचा नसेल. फोटो चांगले जमले. मुख्य पोस्टरवर मोठ्या, जाड अक्षरांत दोनच शब्द, 'सह्याद्रीच्या दऱ्या'. त्या वेळी युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची संकेतपद्धत, आमच्या कामात आलेलं नव्हतं, श्रीलिपी या सॉफ्टवेअरमधले किंवा कुठून कुठून मिळवलेले फॉन्ट चालायचे. मला एक हिंदी फॉन्ट भारी आवडला होता, दगडातून फोडून काढल्यासारखा. त्यात मराठीतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' नव्हता. हिंदीला तो लागत नाही. मी त्याच्या जागी रफार देऊन टाकला. रात्रीचे तीन वाजले होते. डोळ्यांना अक्षराचा घाट दिसत होता, शब्द दिसत नव्हता.

ज्युरी झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मांडणीचं कौतुक केलं, गुणही चांगले पडले. मग बालगंधर्वच्या कलादालनात आमच्या वर्गाचं प्रदर्शन लागलं. आप्पा आले, बरोबर तात्यांना घेऊन. तात्या इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात टोपी. ते एकेका कामापुढे बराच वेळ उभे राहत होते. माझ्या पोस्टरपुढे आले. बघत राहिले. मग जवळ गेले, मागे आले. मला वाटलं आता शाबासकी देतील.

"पोरी," हळूच म्हणाले, "सह्याद्रीला दर्या कुठनं आला?"

मला कळलंच नाही. त्यांनी बोट दाखवलं. आणि मग मला दिसलं. सह्याद्रीच्या दर्या. दोन फूट रुंद. महिनाभर ते पोस्टर माझ्या भिंतीवर होतं. वर्गातल्या चाळीस जणांनी, शिक्षकांनी, परीक्षकांनी ते बघितलं होतं. आम्ही सगळे बघत होतो, वाचत कुणीच नव्हतं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यास आणि आचाऱ्यास. शाळेत व्याकरणाच्या पुस्तकात घोकलेला फरक. तात्यांच्या केसमध्ये त्या अर्ध्या 'र'ला स्वतःचं घर होतं. तो संपला तर ते काम थांबवायचे आणि दुसऱ्या छापखान्यातून उसना आणायला मला पिटाळायचे. रफारावर भागवून नेलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

तात्या आणखी काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी कामाचं कौतुकही केलं, आणि ते मनापासून होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कलादालन उघडायच्या आत एका पांढऱ्या कागदावर तो अर्धा 'र' बोरूनं काढला, कापला आणि पोस्टरवर चिकटवला. जोड दिसत होता. दिसू दिला.

माझ्या चार वर्षांच्या शिक्षणातलं सगळ्यात मोलाचं मूल्यमापन हे. त्यावर विद्यापीठाचा शिक्का नाही. पण ते मला लागलं, आत उतरलं, त्याचं कारण आधीची अडीच वर्षं होती. एरवी मी म्हटलं असतं, एवढंसं तर आहे, कळतंय ना लोकांना.

२००४ मध्ये छापखाना बंद झाला. डीटीपी म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आणि ऑफसेट छपाई यांनी लग्नपत्रिका कधीच नेल्या होत्या, पावतीपुस्तकंही गेली. खिळे मोडीत निघाले. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा तो मिश्रधातू, त्याला किलोवर भाव मिळतो. मी सुट्टी काढून गेले. मोडवाल्यानं केसेस उलट्या करून सगळं पोत्यांत भरलं. 'अ' आणि 'ज्ञ' एकाच पोत्यात, मात्रा-वेलांट्या एका पिशवीत. कोरे तुकडे त्यानं वेगळ्या पोत्यात भरले आणि ते पोतं सगळ्यात जड निघालं. काट्यावर ठेवायला दोन माणसं लागली. आप्पा बाजूला उभे होते. "बघ," म्हणाले, "इतकी वर्षं आपण न छापलेलंच जास्त बाळगलं." अक्षराला आणि कोऱ्या तुकड्याला किलोचा भाव एकच होता. मी ओंजळभर खिळे मागून घेतले, सगळी अक्षरं निवडून. कोरा तुकडा एकही घेतला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पदवी मिळाल्यावर मी एका जाहिरात संस्थेत लागले. तिथे आमच्या कामाला 'अ‍ॅडॅप्ट' म्हणायचे. इंग्रजी जाहिरात आधी तयार व्हायची, मंजूर व्हायची, मग तिच्यातला मजकूर काढून त्या जागी मराठी, हिंदी, गुजराती भरायचं. चौकट तीच, अक्षराचा आकार तोच, ओळींमधलं अंतर तेच. देवनागरी त्यात बसत नाही. रोमन ओळीच्या वर-खाली जेवढं डोकावतं त्यापेक्षा देवनागरीत कितीतरी जास्त घडतं. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीच्या अंतरात मराठी भरली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. शिशाच्या काळात हे शक्यच नव्हतं. प्रत्येक खिळ्याचं स्वतःचं अंग होतं आणि धातूच्या आत धातू शिरत नाही. हवी असलेली जागा दिल्याशिवाय ओळ बसायचीच नाही. संगणकावर एक आकडा कमी केला की ओळ ओळीत घुसते आणि यंत्र काही बोलत नाही. म्हणून आता ते कुणीतरी डोळ्यांनी बघायला लागतं. खिळा जे काम करायचा ते माणसाच्या डोळ्यावर आलंय, आणि तो डोळा तीन महिन्यांत तयार होत नाही.

एकदा कीटकनाशकाच्या डब्यासोबत येणाऱ्या घडीच्या पत्रकाचं काम आलं. प्रमाण किती, पाणी किती, विषबाधा झाल्यास काय करायचं. मराठीसाठी राखलेला रकाना इंग्रजीएवढाच. मी म्हटलं, अक्षर एवढं बारीक केलं तर वाचता येणार नाही, कागद थोडा मोठा घेऊया. समोरून उत्तर आलं, "हे कोण वाचतं?" नोकरीला चार महिने झाले होते. मी ओळींमधलं अंतर कमी केलं आणि फाइल पाठवली. शेतात उभं राहून, घामानं ओल्या हातात धरून ते पत्रक वाचू पाहणारा माणूस मला नंतर अनेक रात्री दिसला. पुढे मी तिथे फार दिवस राहिले नाही, पण ते पत्रक गेलं ते गेलंच.

या शिक्षणाबद्दल माझी तक्रार असेल तर ती इथली आहे. चार वर्षांत आम्ही साबणाच्या, गाड्यांच्या, परदेशी घड्याळांच्या काल्पनिक मोहिमा केल्या, मथळे इंग्रजीत लिहिले. देवनागरीला एक सत्र मिळालं, तेही एका शिक्षकाच्या हट्टामुळे. ज्या राज्यात एसटीच्या पाट्या, रेशनकार्डं, सातबारे मराठीत आहेत, तिथल्या उपयोजित कलेच्या पदवीत मराठी अक्षर हा चारही वर्षं चालणारा विषय असायला हवा. हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते.

बदल झालाय, तोही मोठा. २००९ च्या शासन निर्णयानं मराठी वर्णमालेची रूपं ठरवताना देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' परत दिला, जी वळणं आपण शाळेत पाटीवर गिरवली होती. मुंबईतल्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी मुक्ता, बलू यांसारखे फॉन्ट केले आणि ते सगळ्यांना मोफत वापरता येतात. चंद्रकोरीचा 'र' आता युनिकोडमध्ये आहे. माझ्या वेळी यातलं काहीच हाताशी नव्हतं. तरी अनेक फॉन्टांमध्ये मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरला मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर हिंदी वळणाचाच 'ल' उमटतो. ते सांगायचं असतं हे ज्याला माहीत आहे तोच सांगतो.

आठवड्यातून एक दिवस मी आता दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायला जाते. पहिल्या तासाला 'ळ' देते. मुलं हुशार आहेत, माझ्यापेक्षा चौपट वेगानं काम करतात. काही जण फॉन्टमधला 'ळ' उलट रंगात छापून आणतात. मी रागावत नाही, फक्त ब्रश देते आणि शेजारी बसते. तिसऱ्या-चौथ्या कागदावर कधीतरी त्यांचा हात मंद होतो. डोळे बारीक होतात. तो क्षण मला लांबूनही ओळखता येतो. मी ओंजळभर खिळे दाखवायला नेते तेव्हा कुणीतरी विचारतंच, "मॅम, मग स्पेस कशी द्यायचे?" आणि मी चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून हवेत दाखवते, एवढा तुकडा असायचा, जड.

गेल्या हिवाळ्यात ज्येष्ठ वाचकांसाठी मोठ्या टायपातल्या एका कथासंग्रहाचं काम माझ्याकडे होतं. पानं लागली होती, प्रूफं हातात होती. वाईला गेले तशी ती तात्यांना दाखवायला नेली. तात्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी दुपारी पेपर वाचतात, खिडकीशी पाट घेऊन. त्यांनी प्रूफ उजेडात धरलं. वाचलं नाही. आधी पान लांब धरून नुसतं बघितलं, डोळे मिचकावत, मग जवळ घेतलं आणि अंगठ्याचं नख दोन ओळींच्या मधून फिरवत नेलं, डावीकडून उजवीकडे, थेट शेवटपर्यंत. एका ठिकाणी नख थांबलं. वरच्या ओळीत 'वृ' होता, खाली 'र्की'.

"हितं अजून एक लेड घाल की."

"पानं वाढतील, तात्या."

"वाढू देत."

परतीच्या एसटीत खंबाटकी उतरताना मी लॅपटॉप उघडला आणि ओळींमध्ये दोन पॉइंट वाढवले. पुस्तक आठ पानांनी वाढलं. स्वारगेटला उतरल्यावर प्रकाशकांना फोन लावला.